नवी रायफल आली की आधी नळी पाहा

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्या कोतमध्ये तीन नव्या .22 रायफली आल्या. शस्त्रागाराला फौजेत कोत म्हणतात, हे पालकांसाठी सांगतो. रायफली मेणकागदात गुंडाळलेल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटभर ग्रीस होते. शाळेत नवे शस्त्र येणे म्हणजे सणच. स्वातंत्र्यदिनाच्या प्रदर्शनात त्यातली एक तरी टेबलावर दिसली पाहिजे असे ठरले, आणि 14 तारखेच्या संध्याकाळी मी दोन कॅडेट्सना हाताशी घेऊन एक रायफल घाईघाईने साफ केली. ग्रीस हट्टी होते. म्हणून कोपऱ्यातला जुना लोखंडी जोड-रॉड काढला, रायफल बटावर उभी केली आणि मझलकडून रॉड घालून चांगले दहा-पंधरा मिनिटे घासले. दुसऱ्या दिवशी नळी आरशासारखी चमकत होती. पाहुण्यांनी डोळा लावून पाहिले आणि कौतुक केले.

प्रदर्शन संपल्यावर ती रायफल मी शाळेतल्या सर्वांत चांगल्या नेमबाजाला दिली. अकरावीचा मुलगा, भंडाऱ्याकडचा. जुन्या रायफलीने 25 मीटरवर त्याच्या पाच गोळ्या दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जात. नव्या रायफलीवर त्याचा ग्रुप अडीचपट झाला. तीन गोळ्या जवळजवळ, दोन खाली डावीकडे कुठेतरी. पुढच्या आठवड्यात तेच. त्याने एकदाच विचारले, "उस्ताद, रायफलीत काही असेल का?" मी म्हणालो, "नवी रायफल आहे. तिला दोष देऊ नकोस. तू ट्रिगर झटकतोयस." त्यानंतर तो काही बोलला नाही. सप्टेंबरात आंतरशालेय स्पर्धेचा संघ निवडला, त्यात तो नव्हता.

नोव्हेंबरात नववीतल्या एका कॅडेटच्या हातात तीच रायफल आली. त्याचा पोझिशन वेगळा, श्वास वेगळा, चुका वेगळ्या. पण लक्ष्यावर चित्र तेच: तीन जवळ, दोन खाली डावीकडे. दोन वेगवेगळ्या मुलांच्या चुका इतक्या सारख्या नसतात. त्या दिवशी मी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून स्वतः फायर केली. पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप. मग जुनी रायफल त्याच पिशव्यांवर, त्याच पेटीतल्या गोळ्यांनी. जुनीने नाण्याएवढे ग्रुप दिले. नवीने मुलांना दिले तेच मलाही दिले.

कोतमध्ये येऊन बोल्ट काढला आणि मझलच्या कडेवरून कापसाचा बोळा आतून बाहेर फिरवला. एका जागी कापसाचे धागे अडकले. भिंग लावून पाहिले तर नळीच्या तोंडाशी, एका बाजूला, केसाएवढी चीर आणि तिच्या कडेला वर आलेला धातू. उरलेल्या दोन नव्या रायफली अजून ग्रीसमध्येच होत्या. त्या उघडून पाहिल्या, त्यांच्या कडा स्वच्छ. म्हणजे ही जखम कारखान्यातून आलेली नव्हती. ती 14 ऑगस्टच्या संध्याकाळी माझ्या रॉडने झाली होती. फौजेत बावीस वर्षे आर्मरर म्हणून काढलेल्या माणसाच्या हातून.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आहे. आपल्या शाळेत, आणि मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत, नवी रायफल तपासली जात नाही. नंबर जुळवला जातो, स्लिंग आणि पाउच मोजले जातात, रजिस्टरवर सही होते. नळी कुणी पाहत नाही, कारण ती नवी आहे. माझे म्हणणे असे, की नळी पाहायची सर्वांत महत्त्वाची वेळ तीच. आणि दुसरे म्हणणे, जे माझ्या काही सहकाऱ्यांना आवडणार नाही: शाळेतल्या .22 रायफलींची नळी गोळ्यांनी झिजत नाही, ती आपण साफ करून करून झिजवतो.

पहिल्यांदा हे पाहू की नळी झिजते म्हणजे काय होते. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांच्यामधले उंचवटे गोळीला पकडून फिरवतात. .22 च्या नळीत साधारण सोळा इंचांत एक पूर्ण फेरा असतो. ही फिरकीच गोळीला सरळ ठेवते. नळी तीन प्रकारे बिघडते आणि तिन्हींची जागा वेगळी. उष्णतेची झीज चेंबरच्या लगेच पुढे होते, जिथे खाचा सुरू होतात, कारण गॅस सर्वांत गरम आणि दाब सर्वांत जास्त तिथे असतो. मोठ्या रायफलीत हा गॅस क्षणभर पोलाद वितळण्याच्या तापमानापेक्षाही बराच गरम असतो. गंज कुठेही लागतो. आणि साफसफाईची झीज होते मझलच्या तोंडाशी.

या तिसऱ्या जागेला फार महत्त्व आहे. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते तो तिथे. गोळीचा बूड बाहेर पडताना मागचा गॅस चारी बाजूंनी एकाच वेळी सुटला पाहिजे. कडेला एका जागी चीर असली की तिथून तो आधी सुटतो आणि गोळीच्या बुडाला कडेने ढकलतो. धक्का अगदी किरकोळ असतो, पण त्याचा हिशेब करून पाहा. अंशाचा साठावा भाग म्हणजे 25 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर आणि 50 मीटरवर साडेचौदा. आंतरराष्ट्रीय 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. अंशाच्या साठाव्या भागाएवढा धक्का बसला, तर मध्यावर धरलेली गोळी दहात राहत नाही.

याच अंतरावर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकमध्ये प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर कांस्यपदक. आपले कॅडेट्स या दोघांची चित्रे वहीत चिकटवतात. या दर्जाचे नेमबाज आपल्या नळीला कोणत्या लॉटची गोळी मानवते हे तपासून मगच ती गोळी वापरतात. कंपनी तीच, पेटी तशीच, तरी लॉट बदलला की ग्रुप बदलतो. आणि आपण नळीच न पाहता मुलाला संघातून काढतो.

आता जबलपूरच्या कॅडेटला हे सांगावे लागते याचे मला जास्त वाईट वाटते. आपण ज्या गावात शिकतो तिथे शस्त्र तपासणे हा हजारो घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे. गन कॅरेज फॅक्टरी 1904 पासून इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची फॅक्टरी आली, ती दारूगोळा बनवते. वारा आपल्या बाजूचा असला की खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवरचा आवाज आपल्या मैदानापर्यंत येतो आणि ड्रिलमध्ये नव्या मुलांचे पाऊल चुकते. तो आवाज म्हणजे तपासणीच आहे. नवी तोफ, नवी नळी किंवा नवा गोळा, आधी नेहमीपेक्षा जास्त दाबाने उडवून पाहतात, मग पुन्हा मोजतात, मगच पुढे पाठवतात.

एप्रिल 2019 मध्ये इथल्या गन कॅरेज फॅक्टरीने पहिल्या सहा धनुष तोफा फौजेच्या स्वाधीन केल्या. धनुष 155 मिलिमीटर, 45 कॅलिबर. म्हणजे नळीची लांबी 155 च्या 45 पट, जवळजवळ सात मीटर. अशा प्रत्येक तोफेबरोबर तिची वही असते. किती गोळे उडाले, कोणत्या चार्जने उडाले, सगळे त्यात लिहितात. कमी चार्जचा गोळा पूर्ण गोळा धरत नाहीत, त्याचा अंशच मोजतात, कारण तो नळी कमी झिजवतो. खाचा सुरू होतात तिथला व्यास ठरलेल्या मुदतीने मोजतात आणि पहिल्या मापाशी ताडून पाहतात. पहिले माप नसेल तर पुढच्या मापांना काही अर्थच राहत नाही.

कागदावरचा शिक्का पुरेसा असतो असे ज्यांना वाटते त्यांनी याच धनुषची दुसरी बातमी आठवावी. 2017 साली सीबीआयने गुन्हा नोंदवला. जर्मन म्हणून पुरवलेली बेअरिंग्ज प्रत्यक्षात चिनी बनावटीची होती असा आरोप होता. प्रकरणाचा न्याय न्यायालय करील. माझा मुद्दा एवढाच की वस्तूबरोबर आलेला कागद ही वस्तूची तपासणी नव्हे.

"पण उस्ताद, नव्या नळीत झीज कुठून येणार?" असे मला एका पालकांनी विचारले. प्रश्न चांगला आहे. पहिली गोष्ट, नवी रायफल कोरी नसतेच. प्रूफच्या गोळ्या आणि नेम तपासणीच्या गोळ्या कारखान्यातच तिच्यातून गेलेल्या असतात. दुसरी, ती कुठल्या तरी डेपोत पडून असते, आणि ग्रीस एखाद्या जागी पातळ झाले की तिथे गंजाचा ठिपका बसतो. तिसरी, वाहतुकीत मझलला मार लागतो. चौथी, खाचा पाडताना हत्याराचे ओरखडे राहतात. ते झीज नव्हेत, पण पुढे झीज म्हणून कुणाच्या तरी माथी मारले जातात. आणि पाचवी, कोतमध्ये आमच्यासारखे उस्ताद असतात.

आता आमच्या सवयीकडे येतो. फायरिंग झाले की रायफल घासायची, दुसऱ्या दिवशी घासायची, तिसऱ्या दिवशी घासायची, आणि साप्ताहिक निरीक्षणाला चिंदी पांढरी निघाली पाहिजे. नाही निघाली तर मैदानाला फेऱ्या. हे कुठून आले? हे .303 च्या जमान्यातून आले, आणि त्या जमान्यात ते अगदी बरोबर होते. त्या वेळच्या काडतुसाच्या टोपीत असे रसायन होते की जळल्यावर त्याचे क्षार नळीत बसत. मीठच समजा. पावसाळ्यात एका रात्रीत नळी लाल होई. म्हणून जुने शिपाई फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी ओतत. क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही. मग चिंदी, मग तेल. तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी.

शिवाय .303 च्या दारूचा स्वतःचा उपद्रव होता. इंग्रजांनी ली-मेटफर्ड रायफल आणली तेव्हा तिच्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या, काळ्या दारूचा कचरा अडकू नये म्हणून. मग कॉर्डाइट ही धूर न होणारी दारू आली. तिच्या गरम ज्वाळेपुढे त्या उथळ खाचा टिकेनात. काही हजार गोळ्यांत नळी गुळगुळीत. शेवटी 1895 मध्ये खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा घेतल्या आणि रायफलीचे नाव ली-एनफील्ड झाले. पुढे दारूही बदलली. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होते, ते सुधारित प्रकारात 30 टक्क्यांवर आणले, मुख्यतः नळीचे आयुष्य वाढावे म्हणून. रायफल नवी होती, कारखान्यातून पास झालेली होती, आणि तरी दारूशी तिचा मेळ नव्हता. हे कळले ते नळ्या मोजल्यामुळे. नुसत्या चमकीवर विश्वास ठेवला असता तर कळले नसते, कारण गुळगुळीत झालेली नळी चांगली चमकते.

.22 ची गोष्ट अगदी वेगळी आहे. गोळी शिशाची, तिच्यावर मेण किंवा वंगण. दारू चिमूटभर. आजच्या टोपीत ते गंजवणारे क्षार नाहीत. चांगली .22 नळी हजारो नव्हे, दहा-दहा हजारांच्या हिशेबात गोळ्या सोसते. आपलाच हिशेब करा: एका रायफलीवर चाळीस कॅडेट्स, प्रत्येकाच्या वर्षाला पन्नास गोळ्या, म्हणजे दोन हजार. या वेगाने ती नळी गोळ्यांनी झिजवायला आजच्या सहावीतल्या मुलाची मुले शाळेत यावी लागतील. पण तीच चाळीस मुले वर्षभर दर आठवड्याला तिच्यातून वाळूचे कण चिकटलेला रॉड फिरवतात. कुणाच्या फेऱ्या जास्त, गोळ्यांच्या की रॉडच्या?

पुलथ्रूची दोरीही निष्पाप नाही. ती तिरकी ओढली की मझलच्या एकाच बाजूला घासते आणि तिथे खोबण पडते. इंग्रजांच्या आर्मररला हे इतके ठाऊक होते की त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, दोरीची झीज. रशियात तर मझलकडून साफ केल्याने तोंड झिजलेल्या कित्येक मोसिन रायफलींची नळी पुढून थोडी रुंद कोरून काढली, म्हणजे झिजलेला भाग गोळीला लागू नये. हजारो रायफली अशा दुरुस्त केल्या. शत्रूच्या गोळीने नाही, साफसफाईने बिघडलेल्या.

याचा अर्थ रायफल साफच करू नये असा कुणी घेऊ नये. जुलैत जबलपूरची हवा पिळून पाणी काढावे अशी असते; तेलाचा हात फिरलाच पाहिजे. .22 मध्ये चेंबरच्या पुढे काळ्या कार्बनची कडा बसते, ती काढावी लागते, आणि शिशाच्या रेषा दिसल्या तर त्याही. फायरिंगच्या आधी नळीतले तेल कोरड्या चिंदीने पुसलेच पाहिजे, नाहीतर पहिल्या एक-दोन गोळ्या भलतीकडे जातात आणि पोरगा घाबरून साईट फिरवत बसतो. पण बोल्ट काढून मागून साफ करायचे, रॉड एकसंध आणि वेष्टन असलेला घ्यायचा, प्रत्येक फेरीनंतर तो पुसायचा, आणि चिंदी मझलबाहेर आली की तिथेच काढून घ्यायची, उलटी ओढायची नाही. आठवड्याच्या पांढऱ्या चिंदीची परीक्षा मात्र बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतावर आमच्यात वाद झाला. एक सहकारी म्हणाले, साफसफाई ही नळीसाठी नसतेच, ती मुलासाठी असते, शिस्त लागते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मीही असाच घडलो. पण शिस्तच लावायची तर बूट आहेत, बक्कल आहे, बॅरॅक आहे. शस्त्र बिघडवून लावलेली शिस्त मला पटत नाही. दुसरे म्हणाले, नळीची तपासणी मुलांना शिकवलीत की प्रत्येक खराब नेमबाज नळीला दोष देईल. ही भीती खरी आहे, आणि माझ्या मुलाला मी जे उत्तर दिले ते याच भीतीपोटी दिले. पण यावर उपाय मुलाला गप्प बसवणे हा नाही. अर्धा तास लागतो. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, दुसऱ्या माणसाला फायर करू द्या, आणि शेजारी एक माहितीची रायफल. एका ग्रुपवर निकाल देऊ नका. पाच गोळ्यांचा एखादा ग्रुप योगायोगानेही सुरेख किंवा भिकार येतो. तीन-चार ग्रुप घेतले की सत्य कळते. बहुतेक वेळा दोष मुलाचाच निघेल, आणि त्यालाही ते मान्य करावे लागेल, कारण त्याने स्वतः पाहिलेले असेल.

नळी पाहायची कशी, हे कॅडेट्सना "जाँच शस्त्र"च्या वेळी अर्धे शिकवलेलेच असते. अंगठ्याचे नख चेंबरशी का धरायला लावतात? नखावरून उजेड नळीत जातो आणि निरीक्षण करणाऱ्याला आतले दिसते. कित्येक मुले हे वर्षानुवर्षे करतात आणि कारण विचारत नाहीत. कोतमध्ये याहून सोपे आहे. रायफल खाली असल्याची खात्री दोघांनी करायची, बोल्ट काढायचा, नळी पूर्ण कोरडी पुसायची, कारण तेल प्रत्येक दोष झाकते. पांढऱ्या कागदावर उजेड पाडून आधी मागून आणि मग पुढून पाहायचे. खाचांच्या कडा दोन्ही टोकांना सारख्या धारदार दिसल्या पाहिजेत. आत आडवी काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असू शकते. अशी रायफल लगेच बाजूला ठेवायची आणि लेबल लावायचे. विखुरलेले काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. मग मझलवर कापूस फिरवायचा, आतून बाहेर, चहूकडे.

याच्या पुढचे काम आर्मररचे. गेज घालून व्यास पाहणे किंवा मऊ शिशाची गोटी तेल लावून रॉडने हळूहळू ढकलणे. हाताला कळते कुठे घट्ट जाते, कुठे सैल. चांगली नळी शेवटपर्यंत सारखी लागते. मझलशी एकदम सैल लागली तर समजावे. आजकाल नळीत घालायचे कॅमेरे स्वस्तात मिळतात आणि एका उत्साही पालकांनी शाळेला एक भेटही दिला आहे. त्यांचे आभार. पण एक सूचना: कॅमेऱ्यात उत्तम नळीसुद्धा नांगरलेल्या शेतासारखी दिसते. ते चित्र पाहून पुष्कळ जण चांगली नळी बदलायला निघतात. चित्र नोंदीसाठी ठेवावे, निकाल कागदाच्या लक्ष्यावरच लागतो.

हे पालकांसाठी विशेष, कारण मुलाचे गुण घसरले की "सर, नवीन नळी घेऊन देऊ का?" असा फोन येतो. नळी महाग असते. आधी कापसाचा बोळा घ्या, तो पाच रुपयांत येतो.

त्या रायफलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. वर्कशॉपमध्ये मझलचे तोंड लेथवर धरून मिलिमीटरच्या अंशाएवढे कापले आणि नवी कड केली. परत आल्यावर त्याच वाळूच्या पिशव्यांवर चार ग्रुप घेतले. चारही नाण्याखाली बसले. तो मुलगा आता बारावीत आहे. मी त्याला संपूर्ण शूटिंग टीमसमोर सांगितले की चूक त्याची नव्हती, माझी होती. तो म्हणाला, "ठीक आहे, उस्ताद." त्या वर्षीची स्पर्धा तर होऊन गेली होती. या वर्षी त्याला बोर्डाची परीक्षा आहे, तो संघासाठी उभा राहिलेला नाही.

राहिलेल्या दोन रायफली मागच्या महिन्यात मुलांसमोर उघडल्या. ग्रीस लाकडी काडीने आणि कापडाने काढले, मग मागून चिंदी. प्रत्येकीची एक वही केली आहे: आल्याची तारीख, नळीचे पहिले चित्र, मझलचा शेरा, पिशव्यांवरचे पहिले चार ग्रुप चिकटवलेले. पुढे किती गोळ्या झाल्या आणि कधी, कोणी, कशाने साफ केली तेही लिहायचे. पहिल्या वहीचे पहिले पान त्याच मुलाने भरले, अक्षर त्याचे सुंदर आहे. मी फक्त सही केली. आता जुन्या अकरा रायफलींच्या वह्या करायच्या आहेत, आणि त्यांची पहिली मापे कुणीच घेतलेली नाहीत. म्हणजे आज जे माप येईल तेच पहिले धरावे लागेल.

शनिवारी दुपारी तीननंतर कोत उघडी असते. आठवी आणि पुढच्या वर्गांतल्या ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. पांढरा कागद आणि कापूस आणा, बोल्ट मी काढून देईन. लोखंडी रॉड शोधू नका, तो मी भंगारात दिला आहे.